कनातीजवळचा हात

सांगून ठेवतो, फोटो मोठा करून दाखवण्यात आख्ख्या ऊर्जानगरात माह्या हात धरणारा कोणी नाई. कंप्युटरवर फोटो पाह्याचं ॲप मी सोता बनवलं. माऊसचं चाक फिरवलं का फोटो मोठा होते, दाबून ओढला का सरकते. अन् बाण जिथं ठेवला, नेमका तिथंच मोठा होते! हे 'तिथंच' जमवता जमवता माह्ये अर्धे केस गेले.

पोंभुर्ण्याची दिव्यानी मले पसंत होती, तिले मी. अडून बसले होते तिचे वडील, हरिदासभाऊ. बायकोपोरीले घेऊन घरी आले, चहा घेतला अन् म्हनले, "सूरजबाबू, दिवसभर फोटो मोठा करतं म्हंतेत. हे काय काम झालं?"

मले लागलं ते. दिव्यानीच्या मोबाईलमधून तिच्या बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो घेतला, दिव्यानीच्या चेहऱ्यावर बाण ठेवला अन् ऐटीत चाक फिरवलं. पण आदल्याच दिवशी मी ॲपमध्ये एक सुधारणा केली होती, ती नडली. दिव्यानी गेली स्क्रीनबाहेर अन् मागच्या कनातीजवळचा कोणाचा तरी हात आला, टीव्हीएवढा. हातात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी.

"आमच्या कार्यक्रमात खर्रा कोण घोटून राह्यला?" दिव्यानीची आई इंदुताई पुढं सरकली. हरिदासभाऊनं थोरल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला होता, हे साऱ्या पोंभुर्ण्याले ठाऊक.

"आचारी असन," हरिदासभाऊ घाईनं म्हनले. "बंद कर बाबू. पटलं मले तुझं काम."

तिथंच थांबाचं ना! पण सरकवणं दाखवाचं राह्यलंच होतं, अन् त्यातच तर माह्यी खरी कारागिरी.

"थांबा जी भाऊ, आत्ता कळते कोण हाय तो."

हळूहळू फोटो ओढला. मनगट आलं. दिव्यानीनं माह्या पायावर पाय देला, मले वाटलं कौतुकानं. बाही आली. खांदा आला. मग हरिदासभाऊची मिशी आली अन् फुगलेला गाल. काय साफ दिसत होती मिशी, केस मोजून घ्या.

 मी समजलो, गेलं लग्न बोंबलत.

इंदुताईनं नवऱ्याकडं पाह्यलं. "असा जावई मले कुठी भेटन? तारीख काढा."

"अवो, पण..."

"तारीख काढा म्हनलं ना."

लग्न धूमधडाक्यात झालं. कॅमेरावाला दिसला का सासरे कनातीमागं! आख्ख्या अल्बममध्ये त्यायचा एकच फोटो हाय, त्यात दोन्ही तळहात उघडे करून उभे हायेत. मी मोठा करून पाह्यला. गाल फुगलेलाच.

इंदुताईले दाखवला नाई. जावई झालो ना आता.