पानोपानी पितांबरनाना

लीलाधररावांनी एके दिवशी चहा पिता पिता ठरवलं, की यापुढे आपण वेबसाइटला हात लावायचा नाही, तिनं आपलं आपण चालायचं. मंदाबाईंनी लगेच मान डोलावली. आपला नवरा जे ठरवतो ते विचार करूनच ठरवतो, अशी त्यांची लग्नापासूनची समजूत होती. (भाजी आणायचं त्यांनी ठरवलं, तर तेवढ्यापुरती ही समजूत बाजूला ठेवावी लागे.)

ही नव्याण्णव सालची गोष्ट. लीलाधरराव जळगावात एका तेलाच्या मिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळत आणि उरलेल्या वेळात इंदूरच्या आणि पुण्याच्या दोन मित्रांबरोबर एक प्रोग्राम लिहीत. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, बांधलेली कापसाची कुठली गाठ कुठल्या गोदामात, कुठल्या थप्पीत पडली आहे, हे त्यात बटण दाबलं की कळायचं. प्रोग्राम फुकट होता, कोणीही घ्यावा. (फुकट आहे म्हटल्यावर जिनिंगवाले जरा लांबच बसत.) तो वापरायचा कसा, याची माहिती वेबसाइटवर होती. पण हे तिघे मित्र प्रोग्राम रोज बदलत आणि माहिती बदलायची राहून जाई. मग कुठून तरी फोन येई, की तुम्ही सांगितलेलं बटण आम्ही सकाळपासून शोधतोय.

त्यावर लीलाधररावांनी जी व्यवस्था केली, तिचं मंदाबाईंना फार अप्रूप होतं. प्रोग्राम आणि त्याची माहिती दोन्ही त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एकाच कोठारात ठेवली. रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटर कोणी न सांगता त्या कोठारात बघे, माहितीची सगळी पानं नव्यानं बनवी, स्वतःच फोन लावी आणि वेबसाइटवरची जुनी पानं काढून नवी चढवी. म्हणजे कालचं पातेलं विसळायचं आणि आजचं दूध तापवायचं, असं मंदाबाई शेजारणींना समजावत. फोन लागताना, दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखा आवाज येई. तो ऐकला की मंदाबाई देवाजवळ दिवा लावत, देवाला हात जोडत आणि वळता वळता कॉम्प्युटरकडे बघूनही थोडेसे जोडत.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग नाना आले.

पितांबरनाना हे लीलाधररावांचे थोरले काका. भावकीत कोणाकडे लग्न निघालं, की पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी नानांकडे जाई. कोणाच्या आशीर्वादानं, कोण विनीत, कोणाचं नाव कोणाच्या वर, हे सगळं ते ठरवत. एका लग्नात त्यांचं नाव चुकून धाकट्या चुलतभावाच्या खाली छापलं गेलं, तर नाना पंगतीत बसले आणि नुसतं पाणी पिऊन उठले. त्यांच्यामागोमाग धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंतची भावकी पाणी पिऊन उठली. स्वयंपाक तसाच राहिला होता.

आणि आता लीलाधररावांनी मेहरूणला तलावाजवळ घर बांधलं होतं. येत्या रविवारी वास्तुशांत होती. तलावाच्या बाजूला मांडव, वरण-बट्टीचा बेत, सगळं ठरलं होतं. नाना येणार म्हणजे सगळे येणार, हेही ठरलेलंच होतं.

नाना वास्तुशांतीची तयारी बघायला म्हणून आले, तेव्हा लीलाधररावांनी हौसेनं त्यांना वेबसाइट दाखवली. नानांनी चष्मा लावला, पान वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं आणि विचारलं, "हाई बठ्ठं ठीक शे. मन्हं नाव कोठे शे?"

लीलाधरराव सरळ माणूस. ते म्हणाले, "नाना, ही प्रोग्रामची माहिती आहे. यात घरच्यांची नावं नसतात."

नाना चष्मा काढून उठले. चहा मात्र तसाच ठेवून गेले. नानांनी चहा ठेवला हे बघून मंदाबाईंना त्या पंगतीतली पाण्याची भांडी आठवली.

दुसऱ्याच दिवशी त्या बस स्टँडजवळ हारुनभाईच्या इंटरनेट कॅफेत गेल्या. वेबसाइटची जागा पहिल्यांदा हारुननंच घेऊन दिली होती, त्यामुळे पासवर्ड त्याच्याकडे होता. नवऱ्याला न सांगता एका कोपऱ्यात नानांचं नाव घालता येईल का, असं त्यांनी दबकत विचारलं. हारुन म्हणाला, बुजुर्ग माणूस कोपऱ्यात कशाला, वहिनी, आपण मथळ्यावर घालू. त्यानं नाव इंग्रजी अक्षरांत पण लाल रंगात घातलं आणि दोन्ही बाजूंना एकेक गुलाबाचं फूल काढलं. नानांना बोलावणं गेलं. नाना आले, नाव बघितलं, खुर्ची ओढून पुन्हा बघितलं आणि हारुनच्या खर्चानं दोन कप चहा प्याले. मंदाबाई घरी येताना वाटेत पेढे घेऊन आल्या.

संध्याकाळी नाना आपल्या रेल्वेतल्या जुन्या मित्रांना नाव दाखवायला घेऊन गेले. नाव नव्हतं. फुलंही नव्हती.

हारुन गोंधळला. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नाव घातलं, या वेळी चार फुलं काढली. नानांनी राग गिळला आणि खात्री करून घेऊन संध्याकाळी थेट आपल्या व्याह्यांनाच घेऊन आले. व्याही म्हणजे दोंडाईच्याचे हिलालशेठ, स्वतः जिनिंगवाले. दोघे खुर्च्या टाकून बसले. हारुननं वेबसाइट उघडली आणि नाना ज्या जागेवर बोट ठेवून बसले होते तिथं "गाठ कशी शोधावी" एवढंच होतं. हिलालशेठ सभ्य माणूस, ते म्हणाले की कॅफे मात्र थंडगार आहे.

त्या दिवसापासून नाना भावकीत सांगू लागले, की पुतण्याचं घर फार हुशार आहे, दुपारी नाव लिहितं आणि दिवेलागणीला पुसतं.

शनिवारी संध्याकाळी मंदाबाई सामान बांधत होत्या, तेवढ्यात हारुन घरी आला. लीलाधरराव समोरच आहेत हे न बघता तो म्हणाला, "वहिनी, आजपण नाव घातलंय, पण उद्यापासून मी त्या साइटला हात लावणार नाही. तिथं काहीतरी आहे. मी लिहितो आणि कोणीतरी येऊन पुसतं."

"कधी पुसतं?" लीलाधररावांनी विचारलं.

"सहाच्या सुमाराला."

लीलाधरराव उठून उभे राहिले. मंदाबाईंना वाटलं, आता रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मुलगा दहावीला पहिला आल्यासारखा आनंद होता. वेबसाइटवर जाऊन हातानं काहीही लिहा, सहाला कोठारातली पानं चढली की ते जाणारच, हे त्यांनी हारुनला दोनदा समजावलं. "म्हणजे रोज चालतंय," ते म्हणाले. "एक दिवससुद्धा चुकलेलं नाही, मंदा."

"ते चालतंय हो," मंदाबाई म्हणाल्या. "पण नाना येत नाहीत."

तेव्हा कुठे लीलाधररावांना बाकीचं सगळं कळलं. ते मुकाट्यानं कॉम्प्युटरपुढे बसले. सगळी पानं ज्या एका साच्यातून निघतात, त्या साच्याच्याच डोक्यावर त्यांनी "श्री. पितांबरनाना यांच्या आशीर्वादाने" असं लिहिलं आणि साचा कोठारात ठेवला. आता हे कोणी पुसू शकणार नाही, ते म्हणाले. सहाला पाच मिनिटं होती. मंदाबाईंना त्या क्षणी नवऱ्याबद्दल जे वाटलं, ते त्यांनी नुसती दिव्याची वात पुढे सरकवून दाखवलं.

तेवढ्यात फोन वाजला. नानांचा होता.

आपण उद्या का येणार नाही, हे नाना सांगायला लागले. त्यांनी सुरुवात लीलाधररावांच्या बारशापासून केली. सहा वाजले. कॉम्प्युटरनं फोन लावून पाहिला, पण लाइन एकच आणि ती नानांकडे होती. त्यानं थोड्या वेळानं पुन्हा लावून पाहिला. तोवर नाना लीलाधररावांच्या मुंजीपर्यंत आले होते. थोरल्या माणसाचा फोन आपण कसा ठेवायचा? लीलाधरराव रिसीव्हर कानाला लावून "हो नाना, हो नाना" करत घामाघूम झाले. हारुन भिंतीकडे बघत उभा राहिला.

शेवटी मंदाबाईंनी रिसीव्हर हातात घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "नाना, तुम्ही फोन ठेवाल तरच तुमचं नाव लागेल."



"सूनबाई, माले फोन ठेव सांगस?" नाना म्हणाले. "मी काही येवाव नही." आणि त्यांनी फोन आपटला.

लगेच मांजर ओरडलं. मंदाबाईंनी इतका गोड आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. हारुन स्कूटरवरून तसाच नानांकडे गेला आणि शेवटचं एकदाच बघा, म्हणून त्यांना कॅफेत घेऊन आला.

नानांनी पहिलं पान बघितलं. नाव होतं. दुसरं उघडायला लावलं, तिथंही होतं. "गाठ कशी शोधावी" यावर नाना होते, "गोदाम कसे बदलावे" यावर नाना होते, "प्रोग्राम बंद पडल्यास काय करावे" यावर तर शीर्षकाच्या बरोबर वर नानांचा आशीर्वाद होता. सगळी पानं संपेपर्यंत नाना उठले नाहीत. भावकीतल्या कुठल्याच पत्रिकेत कोणाचं नाव इतक्या वेळा आलं नव्हतं.

रविवारी गुरुजींच्या आधी नाना हजर. त्यांच्यामागे धुळं आलं, पिंपळनेर आलं, दोंडाईचा आलं. बट्ट्या कमी पडतील की काय अशी वेळ आली आणि मंदाबाईंना त्या काळजीनंही भरून आलं. नाना मात्र पूजेला थोडा वेळ टेकले आणि मग आतल्या खोलीत, रात्रीच आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरजवळ खुर्ची टाकून बसले. येईल त्या पाहुण्याला ते एकेक पान दाखवत होते आणि प्रोग्राम बंद पडल्यास काय करावे हेसुद्धा स्वतः समजावत होते.

दुपारी पंगतीत लीलाधरराव बट्ट्या वाढत हिलालशेठपाशी आले. हिलालशेठनं त्यांचा हात धरला. आमच्या जिनिंगमध्ये हा प्रोग्राम दिवाळीनंतर बसवायचा असं नानांशी बोलणं झालंय, त्यांनी सांगितलं. लीलाधररावांचे डोळे चमकले. मागे वरणाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या मंदाबाईंनी पदर सावरला. आता आपल्या नवऱ्याचं कौतुक होणार, हे त्यांना दिसत होतं.

"नाना सांगत होते, टायपिंग सगळं तुम्हीच करता म्हणून," हिलालशेठ म्हणाले. "चांगलं आहे. मोठ्या माणसाच्या हाताखाली आहात, सोडू नका."

लीलाधररावांनी मान डोलावली आणि त्यांना आणखी एक बट्टी वाढली.