एकत्रीकरणाचा नारळ

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आणणे हे अत्यंत जबाबदारीचे कार्य आहे. म्हणूनच सुज्ञ कंपन्या ते एकट्यादुकट्या माणसाला करू देत नाहीत.

चिंचवडच्या आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत, यंत्रांशेजारच्या छोट्या संगणकांवर चालतं. हे संगणक दोन जातींचे, जुन्या चिपचे आणि नव्या चिपचे. (जात म्हटलं की पुढचं ओघानं आलंच.) जुन्यांसाठी अण्णासाहेबांचा विभाग सॉफ्टवेअर बनवतो, नव्यांसाठी विक्कीसरांचा. एकाचं दुसऱ्यावर टाकलं की स्क्रीन काळी पडते आणि लाइन थांबते. मग कुरुळीच्या कारखान्यातून गोरक्ष या ऑपरेटरचा फोन येतो, "म्याडम, पडदा परत काळा झालाय. लाइन हुबी हाय अन् सायब माज्यावर वरडतोय." हे फोन सुप्रिया घेते.

सुप्रिया कंत्राटी आहे. दोन्ही विभागांचं सॉफ्टवेअर एकाच पॅकेजात जोडणारं एक टूल तिने लिहिलं. पॅकेज कुठल्याही संगणकावर टाका, तो आपल्यापुरतं उचलतो. टूल पहिल्या फटक्यात चाललं. (हा तिचा अविचार.) आमचे मॅनेजर हिंदुराव खूश होऊन म्हणाले, "हे सर्व्हरवर चढू दे, सगळ्यांना मिळून एकच पॅकेज निघू दे, लगेच तुला कायम करतो."

टूलला सर्व्हर लागतो आणि सर्व्हरला नारळ. तो कुणी फोडायचा? अण्णासाहेब सेवेने ज्येष्ठ, तर विक्कीसर मुख्य कार्यालयाच्या मर्जीतले. सर्व्हर कुणाच्या खोलीत, हाही प्रश्न त्यातच आला. समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांनी एकीला जोरदार पाठिंबा दिला, फक्त ती आपल्या विभागात व्हावी, असं सुचवलं. उरलेले दोन टक्के चहाला गेले होते.

"सर, कुणीही फोडा ना. तिकडे लाइन थांबतेय," सुप्रिया म्हणाली.

"अगं, आधी मानपान नीट झाला पाहिजे," हिंदुराव समजुतीने म्हणाले. "उद्या कुणी रुसलं, तर तू जाणार आहेस का समजूत काढायला?"

अखेर समितीने सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढला. दोन नारळ, दोन सर्व्हर, दोन्हींवर तेच टूल. अण्णासाहेबांच्या सर्व्हरवर फक्त जुन्या चिपचं सॉफ्टवेअर जोडायचं, विक्कीसरांच्या सर्व्हरवर फक्त नव्या चिपचं. त्यामुळे टूल आता प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतःशीच जोडतं, आणि हे काम ते अतिशय बिनचूक करतं.

समारंभ देखणा झाला. एकाच मुहूर्तावर दोन नारळ फुटले. (खोबरं वेगवेगळ्या ताटांत.) टाळ्या चालू असतानाच सुप्रियाचा फोन वाजला. "म्याडम, नवं आलंय म्हनं? मग पडदा अजून काळा कसा?"

ती हिंदुरावांकडे गेली. त्यांनाही मनापासून वाईट वाटलं. "एकच पॅकेज निघालं असतं तर शब्द पाळलाच असता गं. आता ही दोन पॅकेजं जोडणारं काहीतरी लिही, मग बघू." तिचं कंत्राट मात्र त्यांनी मोठ्या मनाने वाढवलं. तिने जाऊन कुरुळीचा पुढचा फोन उचलला.

नारळ कुणाचा, या प्रश्नाकडे आपणही इतका वेळ लक्ष दिलंत, याबद्दल समिती आभारी आहे. तो सुप्रियाच्या हातात द्यावा, असं समितीत एकालाही सुचलं नाही. आपल्याला कितव्या परिच्छेदात सुचलं?