आगवालेमामांचा फवारा

कुणाच्याही घरी पाणी पुढे आलं की आगवालेमामा आधी खिशातून फुटक्या पाटीचा तुकडा काढत. त्यावर चार थेंब सांडत, तुकडा उन्हात धरत आणि पाणी वाळेपर्यंत यजमानाला तिष्ठत ठेवत. मग उरलेला पांढरा डाग निरखून निकाल देत, "चुना जास्त हाय. पोटाला चालेल, बायलरला नाय."

घरात बॉयलर नसलेल्या आम्हा लोकांना हा मोठाच दिलासा असे.

खरं नाव भगवान म्हात्रे. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. मोरा बंदरातून मुंबईला गेले ते पंचवीस वर्षं आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा मारत जगभर फिरले, म्हणून आगवाले. दुसरी जागतिक लढाई संपल्यावर काही वर्षांनी पनवेलीत येऊन राहिले आणि माझ्यासारख्या शाळामास्तराला असा शेजार मिळाला. पाण्यातल्या क्षारांनी बॉयलरच्या नळ्या कशा बुजतात ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यामुळे माणसावर चटकन विश्वास, पाण्यावर कधीच नाही.

माझ्या मेहुणीचं स्थळ बघायला वडीलधारे म्हणून त्यांना नेलं, तर तिथेही पाटी निघाली. "यिहिरीत खाडी शिरलीय. इथं डाळ शिजायची नाय," मामांनी जाहीर केलं. मुलाचे वडील लालबुंद झाले. मुलाची आई मात्र दाराआडून म्हणाली, "खरं आहे हो. रोज सोडा घालते मी." लग्न जमलं, नवी विहीर खणण्याच्या अटीवर.

पण मामांचा लाडका विषय एकच, न्यूझीलंडचा फवारा. बोट दुरुस्तीला लागली असताना तिथला एक सोबती त्यांना ज्वालामुखीच्या मुलखात घेऊन गेला होता.

"जमिनीला भोक, मास्तर. आदी गप. मग गुरगुर. मग नारळीपेक्षा उंच पानी!"

"पण उडतं कसं?" असं विचारलं की मामा फुलत.

"खाली इस्तव, वर दगड, मदी चिंचोली नळी. वरच्या पान्याचं वजन खालच्याला दाबून धरतं. तापतं, पन उकळाया देत नाय. मग वरून जरासं सांडलं, की वजन हललं, की खालच्याची एकदम वाफ!"

ते कढत पाणी दगडातली गारगोटी विरघळवून आणतं. वर येऊन निवलं की तीच पांढऱ्या खपलीसारखी तोंडाशी साठते. नळीलाही आतून तिचंच अस्तर, म्हणून वाफ बाजूला फुटत नाही. हे सांगताना बॉयलर बुजवणाऱ्या साऱ्या क्षारांना मामा त्या दिवसापुरतं माफ करत.

"मग आपल्याकडे का नाही?" मी कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बोट दाखवलं. "हाही लाव्ह्याचाच ना?"

"चूल हाय. इस्तव इझला," मामा हळहळले.

एका हिवाळ्यात त्यांनी स्वतःच फवारा करायला घेतला. न्हाणीघरातला तांब्याचा बंब अंगणात आला. त्याचं तोंड कथलानं झाळून बंद केलं, वर पुरुषभर उंचीची लोखंडी नळी बसवली आणि नळीच्या टोकाला भोक पाडलेली परात. पहिल्या दिवशी झाळलेलं उसवलं आणि माझ्या बायकोचे वाळत घातलेले पापड पुन्हा पिठाच्या वळणावर गेले. दुसऱ्या खेपेला नळी नुसतीच खोकली. महिनाभर मामी अंघोळीला चुलीवरच्या हंड्यातलं पाणी घेत होत्या आणि मामा बंबाशी झटत होते.

"कशाला हा हट्ट?" मी एकदा वैतागून म्हणालो. "तुम्ही सांगता तेवढ्यानं आम्हाला दिसतो की फवारा."

मामा नळी पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमाला सांगता येतं, मास्तर. हिला कसा सांगू?"

लढाईच्या काळात मामा समुद्रावर असताना विषमज्वरानं सोनामामींचे कान गेले होते. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं. पंचवीस वर्षांचं जग घेऊन माणूस घरी आला, आणि जिच्यासाठी आणलं तिलाच ते देता येईना. आम्हा शेजाऱ्यांना जे मिळत होतं ते तिच्या वाटणीचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी मामींना पाटावर बसवलं. बंबाखाली लाकडं धडधडली. नळी गुरगुरली, परातीत पाणी काठोकाठ चढलं, जरासं सांडलं, आणि कढत पाण्याचा झोत कौलांपर्यंत गेला! मामी दचकून मागे सरल्या. मामांनी हात पसरून खूण केली, एवढा नाही. परसातल्या नारळीकडे बोट नेलं, शेंड्यापर्यंत, शेंड्याच्याही वर.

मामींनी नारळीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जा रं, खोटारड्या!"

मामा माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, तोंडभर हसू. "ऐकलंव, मास्तर? धा वरसांनी पयल्यासारखी खोटारडा बोलली!"

"आनि काय बगितलंस?" मामींनी पदरानं तोंड पुसत विचारलं.

तिथे आंबट पाण्याची डबकीही होती. त्यांतलं गंधकाचं तेजाब दगडाचा चिखल करून टाकतं आणि तो चिखल दिवसभर रटरटत असतो. हे सांगायला मामांनी बंबाशेजारची ओली माती दोन्ही मुठींत घेतली आणि गाल फुगवून ते मामींच्या पुढ्यात उकिडवे बसले.