शेळके मामांची नक्षीची टेप

कुरकुंभला आमच्या कारखान्याचं जे स्टोअर आहे, तिथे ग्रीस, बेअरिंग आणि नटबोल्ट मिळतात. तिथल्या इनवर्ड रजिस्टरवर मात्र गुलाबी फ्लेमिंगो उभे आहेत. आउटवर्डवर कलिंगडाच्या फोडी. गेटपासच्या वहीवर मांजरं, तीही चष्मा लावलेली.

ही कलानगरी वसवणारे गृहस्थ म्हणजे स्टोअरकीपर शेळके मामा. वय सत्तावन्न, मिशा झुपकेदार, आवाज असा की फोर्कलिफ्ट आपणहून रिव्हर्स घेईल. अशा माणसाच्या ड्रॉवरमध्ये नक्षीच्या कागदी टेपची पंधरा-वीस रिळं! नवी वही आली की मामा तिच्यावर पट्ट्या लावायला बसत. दोन पट्ट्यांमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरनं मोजत. कंपनीनं ते उपकरण यासाठीच घेतलं असावं.

"मामा, लाईन बंद पडलीय, बेअरिंग द्या," असं म्हणत फिटर दारात घाम पुसत उभा राही.

"थांब की जरा. वही बोडकी चालायची न्हाई."

एकदा मॅनेजरसाहेबांनी परिपत्रक काढलं, की रजिस्टरांची कव्हरं साधी असावीत. मामांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि फाईलला लावलं. फाईलवर कमळं होती. पुढे मॅनेजरसाहेबांच्याच डायरीवर मोर दिसले, तेव्हा आम्ही परिपत्रकाचा विषय सोडून दिला.

मी परचेसमध्ये असल्यामुळे माझा त्यांच्याशी रोजचा संबंध. "मामा, रिटायर झाल्यावर मेंदीचे क्लास काढा," असं मी चार लोकांत म्हणायचो. लोक हसायचे. मामा अंगठ्यानं पट्टी दाबत राहायचे.

मागच्या महिन्यात मामा दोन दिवस आले नाहीत. स्टोअरची चावी त्यांच्याकडे, फोन बंद. मॅनेजरनी मला त्यांच्या घरी, भांडगावला पिटाळलं. 'घरी भिंतींनासुद्धा टेप लावली असेल,' असं काहीबाही मनात जुळवत मी पोचलो.

ओट्यावर खुर्चीत मामी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडल्यासारखा. समोर पाटावर चांदण्यांच्या टेपची वही. मामा उकिडवे बसून त्या हाताची बोटं वहीपर्यंत नेत होते.

"नखानं न्हाई. चिमटीत धर. हां, आता वढ."

पट्टी इंचभर सुटली. मामींच्या कपाळावर घाम आला.

मला पाहून मामा उठले. "या सायेब. हिला सांभाळनारी भावजय माहेरी गेलीय. आन् फोन पडला पान्याच्या टाकीत."

मामींना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"डाक्टर म्हनलं, बोटं चालली पायजेत. आधी मटकी निवडायला दिली. सांडायची, आन् मंग रडायची. ही टेप बरी. कागद न फाडता निघती. म्या लावायची, हिनं काढायची."

"मग कारखान्यात कशाला लावता?"

"आधी तितं लावतो, येखादी पट्टी काढून बघतो. जी फाटती ती हिला देत न्हाई. फाटली की हिला वाटतं, आपलंच चुकलं."

मामांनी आत जाऊन स्वतःच चहा करून आणला.

आम्ही चहा पीत होतो, तोवर मामींनी दुसरी वही ओढली. पिवळ्या लिंबांची पट्टी त्यांनी एकटीनं, थरथरत, शेवटपर्यंत सोडवली. मग हात तसाच पुढे करून ती मामांच्या मनगटावर ठेवली आणि एका बोटानं दाबली.

मामा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. चावी देताना मनगटावरची लिंबं दिसली.

"मामा, टेप राहिलीय हाताला. काढू?"

"नगं, नगं." त्यांनी हात मागे घेतला. "काढायची रोजच. चिकटवली आज पयल्यांदा."