मामींची दहा बोटं

आमचे शेजारी बिरूमामा चहाचा कप कधी कानाला धरून उचलत नाहीत. वरच्या कडेला दोन नखं लावतात, तसाच तोंडापर्यंत नेतात आणि चटका बसला की कपाला बोल लावतात. "असं धरलं की ठसा बिघडत नाय, ताई." कुणाचा ठसा? माझ्या कपावर कोणता खून पडलाय?

मामा पोलीस खात्यात ठसेतज्ज्ञ होते. मूळचे पिशोरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. निवृत्त होऊन क्रांती चौकाजवळ आमच्या इमारतीत आले, पण भिंग अजून शर्टाच्या खिशात. नावं लक्षात राहत नाहीत. दूधवाला म्हणजे 'दोन्ही अंगठ्यांना चक्र', मी म्हणजे 'शंख, वर इळीचा वण'. "मानूस लई खोटं बोलतो, बोट नाय बोलत," हे दिवसातून दोनदा.

एकदा माझं लिंबाचं लोणचं भराभर संपायला लागलं. संशय अर्थातच सासूबाईंवर. मामा काळी पूड आणि ब्रश घेऊन हजर! ओटा काळाकुट्ट करून निकाल दिला, "बरणीवर तुमच्याबिगर कुणाचा ठसा नाय." आता जाता-येता एखादी फोड तोंडात टाकली तर तिला काय चोरी म्हणतात? सासूबाई आठवडाभर माझ्याकडे बघून हसत होत्या.

परवा गयामामींचं आधार नव्यानं करायचं होतं. "मी गेल्यावर हिला पेन्शन मिळायची, तर हिचा अंगठा लागला पायजे," हा मामांचा धोशा. मीही सोबत गेले. केंद्रातल्या बाईंना अंगठा कसा दाबून घ्यायचा, ते मामांनी आधी शिकवलं. मामींचा अंगठा लागेना. दहाही बोटं झाली, एकही लागेना.

"मशीन बिघडलंय," मामा म्हणाले. स्वतःचा अंगठा लावला, चटकन उमटला.

मग त्यांनी भिंग काढलं आणि मामींचा हात हातात घेतला. एकेक बोट बघत गेले. बोटं गुळगुळीत होती.

"अवं, बघता काय?" मामी म्हणाल्या. "तुमची परीक्षा व्हती तवा खडी फोडली. मंग पाच घरची भांडी. कुठून ऱ्हातील?"

"सगळ्या जिल्ह्याची बोटं बघितली ताई," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिचीच बघायची ऱ्हायली. मी गेल्यावर हिला वळखील कोण?"

बाईंनी डोळ्यांची बुबुळं मशीनवर टिपून काम करून दिलं. पेन्शनचा घोर मिटला.

तेव्हापासून त्यांच्या घरची भांडी मामा घासतात. संध्याकाळी गॅलरीत मामींच्या बोटांना खोबरेल तेल चोळत बसतात. मला कुठं गप्प राहवतं! विचारलं, "मामा, येतील का हो ठसे परत?"

"ह्या वयात? नाय येत. एवढं शास्त्र मला कळतंय," मामा म्हणाले. "हिकडं आन गं दुसरा हात."