शशकर्ण निसटला, साडूबुवा सापडले

‘माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर ती मी पुढच्या तपासासाठी मुद्दाम सोडलेली असते. थंड डोकं, तीक्ष्ण दृष्टी, बंद तोंड.’ एवढं सगळं माझ्या साडूबुवांनी स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘खासगी गुप्तहेर’. पोट भरतं ते विमा कंपनीतल्या नोकरीवर. तीक्ष्ण दृष्टीचा चष्मा दिवसातून दोनदा हरवतो आणि तो माझी मेहुणी शोधून देते. बंद तोंडाबद्दल मी काय सांगू, त्यांच्यासमोर मला बोलायची पाळी अजून आलेली नाही.

यंदा दोघी बहिणींना आठवडाभर शांतता हवी होती, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना सफारीला धाडलं. जीपमध्ये आमच्याबरोबर एक फोटोवाल्या बाई होत्या. सहा वर्षं त्या शशकर्णाच्या मागे होत्या. शशकर्ण म्हणजे कानांवर काळे गोंडे असलेलं तांबूस रानमांजर. दिसतं क्वचित आणि दिसलं की पापणी लवायच्या आत नाहीसं होतं. ड्रायव्हरनं सहा दिवस मातीला नाक लावून ठसे पाहिले. बाईंच्या शेवटच्या सकाळी त्यानं गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "डावीकडे. कुणी हलू नका."

साडूबुवा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठे?"

गवतातून ते मांजर पुरुषभर उंच उसळलं, उडता पक्षी हवेतच धरला आणि गेलं. बाईंचा कॅमेरा खडखडत होता. मधेच कार्ड भरलं, ते काढून दुसरं घालेपर्यंत सगळं संपलंही. साडूबुवा तोवर सीटखाली चष्मा शोधत होते.

जीपमध्ये जड लेन्स टेकवायला एक कापडी पिशवी लागते. पाहुणे ती रिकामी आणतात, कॅम्पचं स्वयंपाकघर तीत दोन किलो वाटाणे भरून देतं आणि निघायच्या दिवशी वाटाणे परत डब्यात ओतायचे, असा रिवाज. बाईंनी आल्या आल्या वाटाणे ओतले, सामान बांधायला घेतलं आणि पाहतात तर भरलेलं कार्ड गायब. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलं होतं, हे त्या शपथेवर सांगत होत्या. कप्पा रिकामा होता.

आल्यावर गाडी झाडतो ड्रायव्हर. बाईंची परतीची गाडी दोनला होती. कॅम्पच्या मॅनेजरनं त्याला सांगून टाकलं, दोनपर्यंत कार्ड मिळालं नाही तर जीपची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. एकोणीस वर्षांची नोकरी. ड्रायव्हरनं खिसे उलटे करून दाखवले आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बाई काही बोलल्या नाहीत, मीही गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

"हे प्रकरण मी हाती घेतलं आहे," असं साडूबुवांनी जाहीर केलं. ते त्यांच्या हाती कुणीही दिलं नव्हतं.

जेवणाच्या खोलीत त्यांनी टेबल आडवं लावलं आणि भिंग काढलं. मागच्या सीटवर त्यांना बिस्किटांचा चुरा सापडला होता. त्यावरून चोर अधाशी, धांदरट आणि मध्यमवयीन असल्याचं त्यांनी सिद्ध केलं. ती बिस्किटं त्यांनीच सकाळी खाल्ली होती, पण वर्णन इतकं बरोबर होतं की मला खोडून काढवेना.

एवढ्यात स्वयंपाकीणबाई दारात आल्या. "कुणाचं काही हरवलंय का?" त्यांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे, बाई. जेवणाचं नंतर बघू," साडूबुवा म्हणाले.

मग संशय शेजारच्या तंबूतल्या दाढीवाल्यावर गेला, कारण त्याची लेन्स बाईंच्या लेन्सपेक्षा लांब होती आणि मत्सर लांबीच्या प्रमाणात वाढतो. त्याच्या बॅगेत भेगांवरचं मलम निघालं. दाढीवाला जे बोलला ते मी लिहीत नाही. स्वयंपाकीणबाई पुन्हा आल्या. साडूबुवांनी वाटाण्याच्या अक्षता लावून त्यांना पुन्हा परत पाठवलं. पावणेदोनला त्यांनी शेवटचा सिद्धांत मांडला, की मुळात मांजर नव्हतंच. बाईंनी सगळा बनाव रचला.

"मी पाहिलं ते मांजर," मी म्हणालो.

"तुम्हाला काय कळतंय," साडूबुवा म्हणाले.

ड्रायव्हरनं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. एकोणीस वर्षांनी गुळगुळीत झालेली.

तेव्हा स्वयंपाकीणबाई तिसऱ्यांदा आल्या आणि विचारत न बसता थेट आत शिरल्या. त्यांनी किल्लीशेजारी एक काळं, बोटाच्या पेराएवढं कार्ड ठेवलं.

"उद्याच्या सुपाचे वाटाणे निवडत होते. हे काही शिजणार नाही, म्हणून बाजूला काढलं."

पिशवीला दोन चेनी होत्या, एक कप्प्याची आणि एक वाटाण्यांची. घाईत बाईंनी चुकीच्या चेनीत हात घातला होता. एवढंच.

बाईंनी कार्ड लॅपटॉपला लावलं. तीनशे बारा फोटो. पहिल्या दोनांत गवत. पुढच्या तीनशे दहांमध्ये साडूबुवांची टोपी, साडूबुवांची मान, साडूबुवांच्या कानामागचा चामखीळ, अगदी केसासकट स्पष्ट. त्यापलीकडे, हवेत, एक तांबूस डाग.

"आतल्याच माणसाचं काम आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," साडूबुवा म्हणाले.

मॅनेजरनं किल्ली ड्रायव्हरकडे सरकवली. ड्रायव्हरनं ती बोटानं परत सरकवली. "उद्या हे गाडीत असतील तर किल्ली इथेच राहू द्या," तो शांतपणे म्हणाला.

बाहेर दोनची गाडी हॉर्न देत होती. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि मॅनेजरला सांगितलं, की त्या आणखी एक दिवस राहतील आणि दोनच्या गाडीतली त्यांची जागा साडूबुवांना द्यावी. साडूबुवांची बॅग मी स्वतः नेऊन ठेवली. इतक्या उत्साहानं मी त्यांना मदत कधीच केलेली नाही.

परत आलो तेव्हा बाई ड्रायव्हरसमोर उभ्या होत्या. "तुम्ही घेतलं नसणार, हे मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं," त्या म्हणत होत्या.

ड्रायव्हरनं टेबलावरची किल्ली उचलली. "पहाटे साडेपाचला निघू," तो म्हणाला. "वाटाणे भरून घ्या."

स्वयंपाकीणबाईंनी दोन किलो मोजून भरले आणि या वेळी पिशवीचं तोंड सुईदोऱ्यानं शिवूनच हातात दिलं.