शांत मशीन

ज्या वर्षी वैशाखात सुकन्याचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या बापाचा, बिरप्पाचा, दम आखडला. वरातीत तो गळ्यात ढोल अडकवून नाचला, आणि तिथून जी धाप लागली ती दसरा तोंडावर आला तरी उतरेना. शेवटी मायाक्कानं नवऱ्याला सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात दाखल केलं.

वॉर्डात, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी दोन मशिनं होती. ती सांभाळणाऱ्या गुरुशांतनी तिला समजावलं, "आकडा चाळिसाच्या आसपास असला की बरं, मावशी. सत्तर म्हणजे वाईट हवा आतच साठतेय."

खंडेनवमीला यंत्रपूजन झालं. नारळ एकच मंजूर होता. तो पहिल्या मशीनपुढं फुटला. मायाक्कानं पिशवीतला भंडारा त्याच्यावर मनापासून उधळला, "बिरुदेवाच्या नावानं चांगभलं." मशीन चालू होतं. त्याच्या नळीनं नारळाचं पाणी आणि भंडारा, दोन्ही ओढून घेतलं आणि आकडा अडतीसवर बसला तो बसलाच.

बिरप्पाला लावलेलं दुसरं मशीन मात्र सत्तर दाखवून ठणाणा करत होतं.

"ह्येची पूजा ऱ्हायली, म्हणून बोंबलतंय," मायाक्का म्हणाली. वॉर्डात कुणालाच याहून शास्त्रीय कारण सुचलं नाही.

मग तपासणी अधिकारी शिवशरणसाहेब आले. मशीनचा आकडा खरा की खोटा हे पाहण्यासाठी, प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या गॅसची छोटी टाकी ठेवलेली होती. गुरुशांतनी ती पुढं केली. तिलाही कुंकू लागलं होतं.

"सील फोडू नका. गॅस वापरला की साठा कमी दिसतो."

"मग तपासायचं कशावर, साहेब?"

"माणसांवर."

पहिल्या मशीनची नळी साहेबांनी स्वतःच्या नाकाला लावली. अडतीस. गुरुशांतच्या नाकाला, अडतीस. चुकून टेबलावर पडली, तरी अडतीस. 'सातत्य उत्तम' असा शेरा आणि हिरवं स्टिकर मिळालं. दुसरं मशीन मात्र माणूस बदललं की आकडा बदलायचं. ते अस्थिर ठरलं.

"सायेब, आमच्या म्हाताऱ्याला त्या गुणी मशीनला लावा की. ह्ये लई भ्या घालतंय."

विनंती तत्काळ मान्य झाली. बिरप्पा अडतीसवर आला. अडतीसवाल्याला श्वासाला जोर देणारा मास्क नियमात बसत नव्हता. बिरप्पाच्या तोंडावरचा काढून पलीकडच्या खाटेला दिला.

"अगं, दम लागतोय की."

"न्हाय लागत. अवं, वर मशीनकडं बघा जरा."

"बघितलं. त्येला न्हाय लागत. मला लागतोय."

मायाक्कानं त्याची पाठ चोळली, आणि लई दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

त्या गुणी मशीनच्या खाटेसाठी आजही वशिला लागतो. उद्या तुमचं माणूस इथं आणलंत, तर तुम्हीही आधी हेच विचाराल, गप बसणारं मशीन कुठलं.

बिरप्पा त्याच वर्षी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.